क-म-ळ ते कमळ: लेकीला वाचायला शिकवतानाचे आठ महिने

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती आणि पालकसभेत मुक्ताचं प्रगतीपुस्तक हातात आलं. इयत्ता दुसरी, पहिलं सत्र. गणिताला अ-२, मराठीला ब-२ आणि वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात एकच ओळ: ‘वाचनाचा सराव आवश्यक.’ वर्गशिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, ती पाठ करून म्हणते. वाचत नाही.”

मला ते पटलं नाही. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर धडा वाचायची, अडखळायचीही नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पुस्तक काढलं. तिनं पान घडाघडा म्हणून दाखवलं. मग मी तिसऱ्या ओळीतला एक शब्द तेवढा उघडा ठेवला आणि बाकी सगळं पान, चित्रासकट, तळहातांनी झाकलं. शब्द होता ‘कमळ’. ती बघत राहिली. “क... म... ळ...” मी म्हटलं, “मग काय झालं?” तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “फूल?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. अक्षरं तिन्ही बरोबर होती. चित्र काय होतं तेही तिला आठवत होतं. फक्त त्या तीन अक्षरांतून शब्द उठत नव्हता. दुसरीतून तिसरीत ती जाणारच होती, या वयात नापास करत नाहीत. मला तीच भीती वाटत होती. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक येतं, गणितात शाब्दिक उदाहरणं वाढतात, आणि न वाचता येणारं मूल मागच्या बाकावर गप्प बसायला शिकतं.

मी पतसंस्थेत काउंटरवर काम करते, शिक्षिका नाही. पुढचे आठ महिने जे केलं, जिथे चुकलं आणि जे जमलं, ते इथे तारखांसकट लिहितेय. त्या रात्री मला असं कुणाचं तरी लिहिलेलं वाचायला हवं होतं.

पहिलं पाऊल माझ्या सासूबाईंनी सुचवलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. त्या म्हणाल्या, “आधी डोळे आणि कान बघून घे. मग पोरीला बोल लाव.” २५ नोव्हेंबरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीचे ३०० रुपये. दोन्ही डोळ्यांना थोडा तिरपा नंबर निघाला, चष्म्याला १,१५० रुपये लागले. २ डिसेंबरला कानांची तपासणी झाली, ६०० रुपये. कान उत्तम होते. चष्म्यामुळे ती पुस्तक नाकाशी धरायची थांबली, डोकं दुखतंय म्हणायची तेही थांबलं, पण ‘कमळ’ काही वाचता आलं नाही. तरीही हे आधीच करा. सहा महिने शिकवत बसायचं आणि शेवटी कळायचं की मुलाला ओळ धूसर दिसत होती, असं कुणाचं होऊ नये.

वाचन-लेखनाची अडचण आहे का, हे बघण्यासाठी समुपदेशकांची वेळ घेतली. त्यांनी आधीच सांगितलं होतं की डोळे-कानांचे अहवाल, आधार कार्डाची प्रत, मराठी आणि गणिताच्या चालू वह्या आणि शाळेचं पत्र घेऊन या. पत्रासाठी मी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दिला. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, शिक्षक निवडणुकीच्या कामावर होते, त्यामुळे पत्र २८ नोव्हेंबरला मिळालं. कुणी या वाटेनं जाणार असेल तर अर्जाची पोच घ्या आणि पत्रात ‘अभ्यासात मागे’ एवढंच लिहू देऊ नका. मूल नेमकं कुठे अडतं ते दोन वाक्यांत लिहून मागा. आमच्या बाईंनी ‘अक्षरे ओळखते, शब्द जुळवता येत नाहीत’ असं लिहिलं होतं आणि पुढच्या भेटीत त्या एका वाक्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

१२ डिसेंबरला भेट झाली. एसटीत मला अर्धं तिकीट आणि मुक्तालाही अर्धं, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फार नव्हता. समुपदेशकांनी दीड तास घेतला. त्यांनी तिच्याशी गप्पा मारल्या, चित्रं लावायला दिली, गोष्ट सांगायला लावली. गोष्ट तिनं छान सांगितली. मला म्हणाल्या, “अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत देत नाहीत. आणि आज मी काही शिक्का मारणारही नाही. तिला पद्धतशीर शिकवलं गेलंय की नाही, हेच आधी कळायला हवं. सहा महिने एक पद्धत धरा, चुका लिहून ठेवा, मग या.” जाताना मी विचारलं, “कुठली पद्धत?” त्या म्हणाल्या, “ती कुठे अडते त्यावरून तुम्हालाच कळेल. चुका लिहा.”

मी शंभर पानी वही आणली आणि चुका लिहायला लागले. पहिल्या पानावर ‘असर’च्या, म्हणजे देशभर मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या, वाचन चाचणीचा निकाल आहे. तिचे नमुने मोफत मिळतात आणि घरी करायला दहा मिनिटं पुरतात. मुलासमोर आधी छोटा परिच्छेद ठेवायचा. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. शब्दांतले कुठलेही पाच मुलानं निवडायचे, चार बरोबर आले तर ती पातळी मिळाली. मुक्ताला पाच अक्षरांपैकी पाच आली, पाच शब्दांपैकी दोन. म्हणजे दीड वर्ष शाळेत जाऊनही पातळी ‘अक्षर’.

समुपदेशकांकडे जाण्याआधीपासूनच घरात एक पद्धत सुरू झाली होती, ती आईंची म्हणजे सासूबाईंची. अंगणात पाटी, आधी ‘ग म भ न’, मग सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी. गमभन का, ते आईंनी मला समजावलं. या अक्षरांची वळणं एकमेकांतून निघतात, एक बसलं की दुसरं हाताला सोपं जातं. खरंच, दोन आठवड्यांत मुक्ताचं अक्षर सुधारलं. आणि बाराखडी! ‘क का कि की’ ती चालीवर म्हणायची तेव्हा शेजारच्या काकू कौतुकानं थांबून ऐकायच्या.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी पाटीवर नुसतं ‘कू’ लिहिलं आणि विचारलं, हे काय? तिनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. क, का, कि, की, कु, कू. “कू!” मग ‘मे’ लिहिलं. पुन्हा म, मा, मि, मी, मु, मू, मे. प्रत्येक अक्षराला ती पायथ्यापासून जिना चढत होती. ‘मेथी’ हा शब्द वाचायला म पासून सात पायऱ्या, मग थ पासून चार, आणि तोवर पहिलं अक्षर विसरलेलं. वहीत त्या दिवशी मी लिहिलंय: ‘बाराखडी येते. बाराखडीतलं अक्षर एकटं भेटलं तर ओळखत नाही.’

दुसरी गोष्टही वहीमुळेच लक्षात आली. तिच्या चुकांत म-भ, घ-ध, प-ष या जोड्या सारख्या येत होत्या आणि ‘ख’ ती ‘रव’ असा वाचायची. ‘खण’ झाला ‘रवण’. गमभनसारखे सारख्या वळणांचे गट लिहायला फार उपयोगी आहेत, पण वाचताना तीच अक्षरं डोळ्यांसमोर एकदम आली की मूल त्यांची गल्लत करतं. लिहिण्याचा क्रम आणि वाचायला शिकण्याचा क्रम वेगळा असू शकतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

२९ डिसेंबरचा दिवस मला अजून टोचतो. रविवार होता. ‘दगड’ हा शब्द ती सातव्यांदा ‘द, ग, ड’ असा वाचत होती आणि मी ओरडले. फार ओरडले. तिनं पाटी उलटी करून ठेवली आणि म्हणाली, “आई, माझं पोट दुखतंय.” पुढचे तीन दिवस संध्याकाळ झाली की तिचं पोट दुखायचं. चौथ्या दिवशी मी अभ्यास बंद केला. आठवडाभर फक्त रात्री गोष्ट वाचून दाखवायची, तिच्याकडून काहीही वाचून घ्यायचं नाही, असं ठरवलं. त्या आठवड्यानं आम्हा दोघींना सावरलं. गोष्ट वाचून दाखवणं पुढेही एक दिवस चुकवलं नाही.

संक्रांतीला पुण्याहून चुलत बहीण आली होती. तिचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. तिचं म्हणणं पडलं की अक्षरं तोडून शिकवूच नये, पूर्ण शब्द चित्रासारखा डोळ्यांत भरवावा, घरभर चिठ्ठ्या लावाव्यात. मला ते आवडलं, कारण त्यात ओरडण्याला जागा नव्हती. १५ जानेवारीला जाड कार्डशीट आणली, दहा रुपयांना एक, चार आणल्या. दार, खिडकी, खुर्ची, आरसा, माठ, कपाट, देव्हारा अशा बावीस चिठ्ठ्या लावल्या. आठ दिवसांत तिला बावीसच्या बावीस ‘वाचता’ यायला लागल्या. मी आईंना बोलावून दाखवलं. त्या खूश झाल्या, पण रात्री मला म्हणाल्या, “चिठ्ठ्या काढून हातात दे बघू.”

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढून गादीवर पसरल्या. ‘खिडकी’ला ती ‘खुर्ची’ म्हणाली. ‘माठ’ला ‘दार’ म्हणाली. ‘देव्हारा’ मात्र बरोबर ओळखला. कसा, विचारलं तर म्हणाली, “सगळ्यात लांब आहे ना.” म्हणजे जागा, पहिलं अक्षर आणि लांबी यावरून ती अंदाज बांधत होती. बुद्धीचंच काम होतं ते, पण नवा शब्द समोर आला की अंदाजाला आधार उरायचा नाही.

त्या दिवसांत मी बरंच वाचलं. इंग्रजीत शब्द आणि ध्वनी या दोन पद्धतींचा वाद जुना आहे. अमेरिकेत २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेलच्या अहवालानं ध्वनी पद्धतशीर शिकवण्याच्या, म्हणजे फोनिक्सच्या बाजूनं कौल दिला. पण आपली अडचण त्यांच्यापेक्षा वेगळी आहे. इंग्रजीत अक्षरं २६, आणि एकेका अक्षराचे आवाज अनेक. मराठीत बहुतेक अक्षरांचा आवाज ठरलेला, पण चौतीस व्यंजनं बाराखडीच्या बारा रूपांनी गुणली की चारशेच्या वर आकृत्या होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून तिकडचं जसंच्या तसं इकडे चालत नाही. तरी चिठ्ठ्यांनी एक काम केलं. शब्दाला अर्थ असतो, तो वस्तूकडे बोट दाखवतो, हे तिच्या मनात बसलं. बाराखडीनं ते कधीच झालं नसतं.

२८ जानेवारीला ‘असर’चा २०२४ चा अहवाल आला. देशभरातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ होतं. मी तो आकडा बराच वेळ बघत बसले. म्हणजे मुक्ता एकटी नव्हती, चारातल्या तिघांना हे जमत नव्हतं. त्यानं मला बरं वाटलं नाही, पण ‘आपल्याच घरात काहीतरी चुकलंय’ ही लाज मात्र गेली.

पुढची वाट काउंटरवरच मिळाली. जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या बाई दर महिन्याला आवर्ती ठेव भरायला येतात. पावती लिहिता लिहिता मी त्यांना ‘कमळ’चं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “शनिवारी सकाळची शाळा असते, वर्गात येऊन बसा.” त्यांच्या मुख्याध्यापकांना चार ओळींचा अर्ज दिला, परवानगी मिळाली, आणि १५ फेब्रुवारीला मी पहिलीच्या वर्गात मागे जाऊन बसले.

फळ्यावर पाचच अक्षरं होती आणि दोन स्वरचिन्हं. बाई अक्षरांचा क्रम सारखा बदलत होत्या, एकापुढे दुसरं ठेवत होत्या आणि मुलं जे होईल ते वाचत होती. ज्याला अर्थ आहे त्याला टाळी, ज्याला नाही त्याला हसू. याला अक्षरगट पद्धत म्हणतात. सगळी मुळाक्षरं संपायची वाट न बघता थोडी अक्षरं, एखादं स्वरचिन्ह आणि लगेच त्यांचे शब्द. मधल्या सुट्टीत बाईंनी मला ‘कमळ’चं उत्तर दिलं. “तुम्हाला वाटतं कमळ सोपा आहे, कारण काना-मात्रा नाही. डोळ्याला सोपा आहे, कानाला नाही. क, म, ळ म्हणताना प्रत्येकात ‘अ’ आहे. शब्द म्हणताना ळ मधला ‘अ’ आपण गिळतो. ते मुलाला कोण सांगतं? त्यापेक्षा ‘काका’ घ्या. का आणि का, जसं वाचाल तसं ऐकू येतं.”

मी बाकावर बसून मनातल्या मनात ‘दगड’ म्हणून बघितलं. द-ग-ड. तिन्ही पूर्ण म्हटली तर तो शब्द दगड होतच नाही. माझी मुलगी समोर लिहिलेलं अगदी प्रामाणिकपणे वाचत होती. त्यासाठी मी तिच्यावर ओरडले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवारी आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला गट म, क, न आणि काना, इतकंच. कार्डशीटचे चौकोन कापले, काना वेगळ्या लाल पट्टीवर लिहिला, म्हणजे तो कुठल्याही अक्षराशेजारी ठेवता येईल. तीन अक्षरं आणि एका काना यांतून मामा, काका, नाना, मान, कान, नाक, काम, मका, नाका, कमान असे दहा शब्द सहज होतात. सुरुवात काका-मामांनीच केली. तिसऱ्या दिवशी ‘कान’. ती म्हणाली, “का... न.” मी बाईंनी शिकवलं होतं तसं शब्दाखालून बोट सलग ओढलं, अक्षरापाशी थांबू दिलं नाही. “काऽऽन. कान! आई, हा कान!” तिनं स्वतःचा कान पकडला. मग पट्टी उचलून दुसऱ्या अक्षराशेजारी ठेवली, अक्षरांची अदलाबदल केली आणि स्वतःच ओरडली, “नाक!” स्वयंपाकघरातून आई बाहेर आल्या, हातात लाटणं तसंच. मी काही बोलले नाही, मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या गटात र, घ, स आणि दुसरी वेलांटी घेतली. दुसरी आधी का? पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर वाचायची, नवशिक्या डोळ्याला हा उलटा हिशोब फार त्रास देतो. शिवाय मराठीत ‘आणि’सारखे थोडे अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी दुसरीच असते, त्यामुळे मी, मामी, काकी, घरी, कमी असे रोजचे शब्द लगेच मिळतात. पहिली वेलांटी आम्ही पाचव्या गटापर्यंत लांबवली. ‘घर’ आता आला तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, “शेवटच्या अक्षरातला अ आपण म्हणत नाही, घर असं पटकन संपवतो.” दोन दिवस लागले. मग एका संध्याकाळी तिनं कपाटातून जुनं पाठ्यपुस्तक काढलं आणि स्वतःहून ‘कमळ’ शोधून वाचलं. ळ तर अजून गटात आलाही नव्हता!

तिचं पहिलं पूर्ण वाक्य १ मार्चचं आहे. कार्डांवर मी लिहिलं होतं: ‘मामा, सरका ना.’ तिनं ते वाचलं आणि खरोखरच शेजारी बसलेल्या मामाला ढकललं. वाचलेलं कळलंय, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको होता.

रोजचा वेळ वीस मिनिटं, घड्याळ लावून. आधी मागच्या गटाचे पाच शब्द, मग नवीन गट, मग दोन वाक्यं आणि शेवटी दोन ओळींचं श्रुतलेखन. मुलाला अजून वाचायचं असलं तरी वीस मिनिटांनी थांबा, दुसऱ्या दिवशी ते आपणहून येतं. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत मी मुद्दाम अंतर ठेवलं. म पहिल्या गटात, भ सहाव्या. घ दुसऱ्यात, ध सातव्यात. ‘ख’साठी आईंनी युक्ती सांगितली: र आणि व यांचे पाय एकमेकांना चिकटले की ख, सुटे राहिले की रव. आईंची दुसरी मदत याहून मोठी होती. रोज रात्री दिवे मालवल्यावर त्या मुक्ताशी शब्दांच्या भेंड्या खेळायच्या. शेवटचं अक्षर कानानं पकडायचं, त्यावरून नवा शब्द. अंधारात, पाटी-पुस्तकाशिवाय. शब्दातले आवाज सुटे ऐकू येणं ही वाचनाची अर्धी तयारी असते आणि ती आजी-नातीनं अंथरुणात केली.

च, ज, झ यांना मात्र वेळ द्यावा लागला. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला च एकच लिहितात, पण म्हणतात वेगळा. तिनं ‘चार’ चाकातल्या च नं वाचला आणि थांबली, कारण कानाला खटकलं. मग स्वतःच दुरुस्त केला. इथे नियम सांगत बसू नका. शब्द मुलाच्या बोलण्यातला असेल तर कान आपोआप सावरतो, म्हणूनच पहिले शब्द घरातले हवेत.

एप्रिलमध्ये कार्डं पुरेनाशी झाली, वाचायला गोष्टी हव्या होत्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या पायरीच्या गोष्टी फोनवर उघडल्या आणि ती पहिल्याच पानावर अडली. ‘लाल’मधला ल तिला ओळखता येईना. फोनवर तो उभ्या दांड्याचा दिसत होता, तिच्या पुस्तकात पाकळ्यांचा. श चंही तेच. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही इतका हा फरक आपण सरावाने गिळलेला असतो. दोन्ही रूपं एका कार्डावर शेजारी शेजारी लिहिली, ‘दोन्ही ल’, ‘दोन्ही श’, आणि चार दिवसांत प्रश्न मिटला. बारा गोष्टी छापून घेतल्या, पानाला दोन रुपये, एकूण १९२ रुपये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक छोटी गोष्ट, तीनदा. पहिल्यांदा मी वाचायची, मग दोघी मिळून, मग ती एकटी. आठवड्यातून एकदा नवीन परिच्छेद देऊन मिनिटभर वेळ लावायची. वहीत आकडे आहेत: मार्चअखेर मिनिटाला ११ शब्द, एप्रिलअखेर १९, मेअखेर ३४. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अपेक्षित आहेत. वेळ लावलेली तिला कळू देऊ नका, फोन उलटा ठेवून लावा. एकदा तिला कळलं आणि ती नुसती पळत सुटली, काय वाचलं ते सांगता येईना. त्या दिवसाचा आकडा मी खोडला.

एकूण खर्च मोजला तर तपासण्या आणि चष्म्याचे दोन हजार पन्नास, समुपदेशकांकडच्या फेऱ्या, आणि प्रत्यक्ष शिकवण्याच्या साहित्याला तीनशेच्या आत. त्यात सर्वांत कामाची वस्तू म्हणजे चुकांची वही, चाळीस रुपये.

मे महिन्यात आईंनी पुन्हा बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावला. मी काही बोलणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “आता म्हणू दे. आता तिला अक्षरं माहीत आहेत, फक्त त्यांची घरं कळायला हवीत.” बरोबर होतं त्यांचं. आता मुक्ता बाराखडी म्हणताना बोट तक्त्यावर फिरवते आणि मध्येच थांबून सांगते, “हा मेथीतला मे.” मी जानेवारीत बाराखडी अगदी टाकाऊ ठरवून बसले होते. ती टाकाऊ नव्हती, आमच्याकडे ती चुकीच्या वेळी आली होती.

१२ जूनला समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी वही पूर्ण चाळली, मग मुक्तासमोर परिच्छेद ठेवला. तिनं तो वाचला. मग गोष्ट. गोष्टीत चार चुका, चारही जोडाक्षरांच्या, आणि वेग मिनिटाला ४१. त्या म्हणाल्या, “सप्टेंबरमध्ये आठ पूर्ण होतील, तेव्हा दिवाळीनंतर एकदा परत या. तोवर जोडाक्षरं घ्या आणि लिहिण्याकडे बघा.” म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही. तिला काही अडचण असेलच, तर तीही तेव्हा कळेल. आता मला त्या तारखेची भीती वाटत नाही.

येताना स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. समोर गाडी लागली. मुक्ता पाटीकडे बघून ओठ हलवत होती, पण डोळे उघडे होते. “सवारगेट,” ती म्हणाली. थोडं थांबली, चष्मा वर सरकवला. “नाही, स ला पाय नाही. स्वा. स्वारगेट.” मग माझा हात ओढत म्हणाली, “आई, ही आपली नाही. आपली कुठंय ते मी बघते.”

१६ जूनला शाळा सुरू झाली. पहिल्या आठ गटांची कार्डं मी बुटाच्या खोक्यात घालून शेजारच्या काकूंच्या नातवाला दिली आहेत, तो यंदा पहिलीत गेला. लाल कानाची पट्टी मात्र मुक्तानं दिली नाही. ती तिच्या कंपासपेटीत आहे. आम्ही आता रफारावर आहोत.